जखमांचे न्यायवैद्यकीय अर्थनिर्णयन

मृत व्यक्तीच्या शरीरावरील जखमांचे स्वरूप, स्थान, संख्या, दिशा, खोली व वय यांवरून त्या कशामुळे, केव्हा व कोणत्या परिस्थितीत झाल्या असाव्यात आणि मृत्यूशी त्यांचा संबंध कितपत आहे, हे ठरविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा आहे. अपघात, आत्महत्या व मनुष्यवध यांतील भेद करण्याचे काम पुष्कळदा याच परीक्षेवर अवलंबून असते [⟶ न्यायवैद्यक, शवपरीक्षा]. जखम ही ऊतकांवर झालेल्या यांत्रिक क्रियेची नोंद होय. किती क्षेत्रावर, कोणत्या दिशेने व कशा प्रकारचे बल पडले एवढेच ती प्रत्यक्षपणे सांगते. ते बल कोणाच्या हातून आले व त्यामागे हेतू काय होता, हे ती सांगत नाही. न्यायालयात झालेले बरेचसे वाद हे जखमेने न सांगितलेली गोष्ट तिच्या तोंडी घातल्यामुळे उद्‌भवलेले असतात.

इतिहास : कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात ‘आशुमृतकपरीक्षा’ या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. अकस्मात मेलेल्याचे प्रेत तेल लावून तपासावे असे तेथे सांगितले असून गळा दाबून, फास देऊन, बुडवून किंवा विष देऊन मारलेल्यांची लक्षणे वेगवेगळी दिली आहेत. मारून नंतर टांगलेल्या प्रेताचा विचारही त्यात आहे. सुश्रुतसंहितेत आघातजन्य व्रणांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार केलेले आढळतात. हे वर्गीकरण चिकित्सेसाठी केलेले असले, तरी त्याचा पाया आघाताची यांत्रिक रीत हाच आहे आणि आजचे न्यायवैद्यकीय वर्गीकरण त्यापासून फारसे दूर नाही. चीनमध्ये सुंग त्झू या न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हाडांवरील अस्पष्ट आघातखुणा पाहण्यासाठी प्रेतावर तेल लावलेली तांबडी छत्री उन्हात धरावी, अशी युक्ती त्या परंपरेत सांगितली आहे. विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशात खुणा शोधण्याच्या आधुनिक पद्धतीचे तत्त्व हेच आहे. भारतात ब्रिटिश अमदानीत मुंबई व कलकत्ता येथे कॉरोनर नेमण्यात आले (मुंबईतील हे पद १९९९ मध्ये रद्द झाले). इतरत्र प्रेताचा पंचनामा पोलीस अधिकारी करतो व शवपरीक्षा शासकीय वैद्य करतो. घटनास्थळ एकाने पाहावयाचे व जखमा दुसऱ्याने, ही या व्यवस्थेतील मोठीच उणीव होय. खोलीतील उंबरठा, जिन्याची कड अथवा विहिरीच्या आतील दगड ज्याने पाहिला नाही, त्याला जखमेचा आकार ओळखू येणे कठीण असते.

खरचटणे : यात त्वचेचा केवळ वरचा थर निघून जातो. रक्तस्राव जवळजवळ नसतो व मृत्यूचे कारण म्हणून ही जखम नगण्य असते. तथापि, पुरावा म्हणून ती फार मोलाची आहे. सोलल्या गेलेल्या त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे घर्षण जेथे संपले त्या टोकाला गोळा होतात व त्यावरून फरपटण्याची दिशा समजते. मानेवरील अर्धचंद्राकृती ओरखडे नखांचे असतात. मात्र ते मारणाऱ्याच्याच नखांचे असतील असे नाही. आपला गळा सोडविण्याच्या धडपडीत मृताने स्वतःलाच ओरखडलेले असते. मोटारीच्या चाकाची नक्षी, दोराचा पीळ, साखळीच्या कड्या यांचे ठसे दाबामुळे त्वचेवर उमटतात. मृत्यूनंतर ते वाळून तपकिरी व कडक होतात आणि काही तासांनी अधिकच स्पष्ट दिसू लागतात.

मुका मार : बोथट आघाताने त्वचेखालील बारीक रक्तवाहिन्या फुटतात व रक्त ऊतकांत पसरते; त्वचा मात्र अखंड राहते. मराठीत यास मुका मार म्हणतात. तथापि शवपरीक्षेत सर्वांत अधिक माहिती बहुधा याच जखमेपासून मिळते. काठीच्या किंवा लाठीच्या फटक्याने उमटलेला वळ हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात दोन समांतर लाल रेषा व त्यांच्यामध्ये फिकट पट्टा दिसतो. काठीखाली दाबली गेलेली त्वचा रक्तहीन होते, तर दोन्ही कडांना ती ताणली जाऊन तेथील वाहिन्या फाटतात. काठी मऊ भागावर, उदा., पाठ किंवा नितंब यांवर, पडली असता हा प्रकार ठळक दिसतो. दोन रेषांमधील अंतरावरून काठीच्या जाडीचा अंदाज येतो, पण तो अंदाजच असतो.

मुक्या माराचे स्थान व आघाताचे स्थान एकच असते असे नाही. रक्त गुरुत्वाकर्षणाने व ऊतकांच्या पदरांमधून सरकते. कपाळावर बसलेल्या मारामुळे दुसऱ्या दिवशी डोळा काळानिळा होतो व डोळ्यावर ठोसा बसल्याचा भास होतो. खोल स्नायूंतील रक्त पृष्ठभागावर यावयास एक-दोन दिवस लागतात आणि तत्पूर्वी मृत्यू आला, तर त्वचेवर काहीच दिसत नाही. सावळ्या त्वचेवर तर उथळ मारही नजरेतून सुटतो. म्हणून संशयित प्रकरणी पाठ, नितंब, मांड्या, पोटऱ्या व तळपाय यांच्या त्वचेला छेद देऊन खालचे स्नायू पाहणे आवश्यक असते. कोठडीतील मृत्यूंमध्ये याचे महत्त्व विशेष आहे. तळपायांवर व नितंबांवर दीर्घकाळ मारहाण झाली असता एकही हाड मोडत नाही, एकही वळ स्वतंत्रपणे घातक नसतो. पण चेंगरलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन रक्तात मिसळून वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य बंद पडते व काही दिवसांनी मृत्यू येतो. जखमा एकेक मोजून ‘सर्व साध्या’ असा शेरा मारणारा अहवाल अशा वेळी शब्दशः बरोबर असूनही अर्थाने चुकीचा ठरतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या शवपरीक्षेचे चित्रमुद्रण करण्याची शिफारस राज्यांना केली, ती याच पार्श्वभूमीवर होय.

मुक्या माराच्या रंगावरून त्याचे वय सांगण्याची प्रथा जुनी आहे. हीमोग्लोबिनाचे विघटन होत असताना लाल, निळा, हिरवट, पिवळा असे रंग येतात व सुमारे दोन आठवड्यांत डाग नाहीसा होतो. जुन्या क्रमिक पुस्तकांत प्रत्येक रंगाचे दिवस ठरवून दिलेले असत. पुढील निरीक्षणांत ही कोष्टके टिकली नाहीत. पिवळी छटा स्पष्ट असेल, तर मार बहुधा सुमारे अठरा तासांहून जुना आहे, यापलीकडे निश्चित विधान करणे धोक्याचे आहे. निरनिराळ्या रंगांचे मार शेजारी शेजारी दिसले, तर ते निरनिराळ्या दिवशी झाले असावेत अशी शंका मात्र रास्त ठरते. लहान मुलांच्या वारंवार होणाऱ्या छळाचे निदान या शंकेतून, तसेच जुन्या-नव्या अस्थिभंगांच्या क्ष-किरण चित्रांतून होते. हेन्री केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये या अवस्थेकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. भारतीय अर्भकांच्या कमरेखाली जन्मतः असणारा निळसर डाग मार समजला जाऊ नये, हेही येथे ध्यानात ठेवावयास हवे.

कृत्रिम मार : खोटी फिर्याद उभी करण्यासाठी बिब्ब्याचा, चित्रकाचा किंवा रुईच्या चिकाचा वापर भारतात पूर्वापार होत आला आहे. बिब्ब्याचा डाग गडद तपकिरी, कडा वेड्यावाकड्या व त्यावर बारीक फोड असलेला असतो. त्यास खाज सुटते, त्यामुळे खाजविणाऱ्या बोटांच्या टोकांनाही तसेच फोड येतात. असे डाग साहजिकच हात पोहोचेल अशा जागीच आढळतात.

फाटलेली जखम : बोथट वस्तूच्या आघाताने त्वचा चिरडून फाटते. कडा ओबडधोबड व खरचटलेल्या असतात आणि जखमेच्या तळाशी तंतू, तंत्रिका (मज्जा) व वाहिन्या यांचे न तुटलेले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुलासारखे राहतात. जेथे त्वचेच्या लगेच खाली हाड असते, अशा ठिकाणी म्हणजे टाळू, भुवई, गालाचे हाड, नडगी येथे, काठीच्या मारानेही त्वचा सुरीने कापल्याप्रमाणे सरळ फाटते. घाईच्या तपासणीत हिची नोंद ‘धारदार शस्त्राची जखम’ अशी होते. भिंगाखाली पाहिल्यास चिरडलेली केसांची मुळे व तळातील धागे ताबडतोब दिसतात. हा भेद केवळ शब्दांचा नाही. काठी उगारणारा व कोयता चालविणारा यांच्यावरील आरोपांची कलमे वेगळी असतात आणि शिक्षाही वेगळी असते. साक्षीदार ‘काठीने मारले’ असे सांगत असताना वैद्याने कागदावर धारदार शस्त्र लिहिले, तर खरा साक्षीदार खोटा ठरतो किंवा ज्याच्या हाती शस्त्र नव्हते त्याच्या हाती ते येते.

कापल्याच्या व भोसकल्याच्या जखमा : धारदार शस्त्राने कापलेल्या जखमेची लांबी खोलीपेक्षा अधिक असते, कडा स्वच्छ असतात व रक्तस्राव पुष्कळ होतो. आरंभी ती खोल असून शेवटी उथळ होत जाते. या शेपटीवरून वाराची दिशा कळते. स्वतः गळा किंवा मनगट कापून घेणाऱ्याच्या मुख्य जखमेशेजारी पुष्कळदा तिला समांतर असे अनेक उथळ छेद आढळतात. ते चाचपणीचे असतात. आत्महत्या करणारा बहुधा वस्त्र बाजूस सारतो. खून करणारा वस्त्रावरूनच वार करतो. याउलट तळहातावर, बोटांच्या बेचक्यांत व पुढील हाताच्या करंगळीकडील बाजूस असलेल्या जखमा बचावाच्या असतात. शस्त्र धरण्याचा किंवा वार हातावर झेलण्याचा प्रयत्न त्यांतून दिसतो. त्या नसल्या म्हणजे हल्ला झालाच नाही असा अर्थ होत नाही. झोपेत, नशेत, पाठीमागून किंवा अनेकांनी धरून ठेवले असता बचावास अवसर कोठून मिळणार? कोयता, कुऱ्हाड अशा जड शस्त्रांच्या जखमेत कापणे व चेंगरणे दोन्ही एकत्र असतात आणि खालचे हाडही तुटते.

भोसकल्याच्या जखमेत खोली सर्वांत अधिक असते. येथे दोन प्रश्न नेहमी विचारले जातात : पाते किती लांब होते व जोर किती लावला होता? पोट मऊ असल्याने मुठीच्या दाबाने ते आत जाते आणि दहा सेंमी. लांबीच्या पात्याने त्याहून खोल असलेल्या अवयवाला इजा होऊ शकते. उलट, पाते पूर्ण आत गेलेच नसेल, तर जखम पात्यापेक्षा आखूड असते. त्वचेवरील छेदाची रुंदीही पात्याइतकीच असते असे नाही. त्वचेतील स्थितिस्थापक तंतू ठराविक रेषांत मांडलेले असतात (कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये त्यांचा आराखडा प्रसिद्ध केला). छेद या रेषांना आडवा असल्यास तो फाकतो व समांतर असल्यास फटीसारखा राहतो. जोराविषयी बोलावयाचे, तर वस्त्रे सोडल्यास त्वचाच सर्वांत जास्त प्रतिकार करते. टोक अणकुचीदार असून ते एकदा त्वचेतून गेले, की हाड आड न आल्यास पुढे फारच थोडे बल पुरते. म्हणून ‘खोल जखम म्हणजे प्रचंड जोर’ हे समीकरण टाकाऊ होय.

बंदुकीच्या गोळीच्या जखमा : गोळी आत शिरल्याची जखम सामान्यतः वाटोळी, आत वळलेल्या कडांची व भोवती खरचटल्याचे कडे असलेली असते. बाहेर पडल्याची जखम बहुधा मोठी, अनियमित व बाहेर वळलेल्या कडांची असते. पण नळी कपाळाला टेकवून गोळी झाडली असता वायू त्वचा व कवटी यांच्यामध्ये कोंडून त्वचा चांदणीसारखी फाटते व प्रवेशाची जखम निर्गमाच्या जखमेहून मोठी होते. अशा वेळी कवटीच्या हाडाचा आधार घ्यावा लागतो. छिद्राचा फनेलसारखा उतार प्रवेशाच्या ठिकाणी हाडाच्या आतील बाजूस व निर्गमाच्या ठिकाणी बाहेरील बाजूस असतो. काजळी पुसता येते, तर न जळलेले बारुदाचे कण त्वचेत गोंदल्यासारखे रुतून बसतात. त्यांच्या व्याप्तीवरून अंतराचा अंदाज बांधतात. मात्र पुस्तकातील अंतरांची कोष्टके कारखान्यात बनलेल्या शस्त्रांसाठी असतात. गावठी कट्ट्याच्या बाबतीत त्यांचा उपयोग होत नाही. तेच शस्त्र व तशीच काडतुसे घेऊन प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागते.

उपचारांमुळे मूळ जखम बदलते हेही लक्षात ठेवले पाहिजे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या १९६३ मधील हत्येच्या वेळी डॅलसच्या रुग्णालयात त्यांच्या गळ्यावरील गोळीच्या छिद्रातूनच श्वासनालाला छेद देण्यात आला. त्याच रात्री दूर बेथेस्डा येथे शवपरीक्षा करणाऱ्या वैद्यांना तेथे गोळीची जखम होती हे ओळखता आले नाही. दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून बोलणे झाल्यावर त्यांना ते समजले. गोळ्यांच्या दिशेविषयीचे पुढील अनेक वर्षांचे वाद वाढण्यास या एका गोष्टीने हातभार लावला. रुग्णालयाचे टिपण हाती आल्याखेरीज शवपरीक्षा सुरू करू नये, असे म्हणतात ते यासाठीच.

डोक्यावरील आघात : ‘पडला की पाडला’, ‘आपटला की मारला’ हा प्रश्न सर्वांत वारंवार येथे उद्‌भवतो. स्थिर डोक्यावर फटका बसल्यास मेंदूला मुख्यतः फटक्याखालीच इजा होते. उलट, गतिमान डोके जमिनीवर आपटून एकदम थांबले, तर मेंदूचा विरुद्ध बाजूचा भाग चेंगरतो. मनुष्य मागे कोसळून डोक्याची मागची बाजू आपटली असता मेंदूच्या पुढील व बाजूच्या खंडांची टोके रक्ताळलेली आढळतात. हे चिन्ह पुष्कळच विश्वसनीय आहे. तरीही धक्का देऊन पाडले की तोल जाऊन पडला, हे त्यावरून कळत नाही. कवटीवर एकाहून अधिक आघात असतील, तर नंतरच्या भंगाची रेषा आधीच्या भंगाच्या रेषेपाशी थांबते व आघातांचा क्रम लावता येतो. कवटी व मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झाल्यास रोगी काही तास शुद्धीवर राहून बोलतो, चालतो आणि नंतर दगावतो. त्यामुळे त्याला शेवटचे पाहणारा नेहमीच आरोपी असतो असे नाही.

मानेवरील खुणा : गळफासात दोराची खूण मानेच्या वरच्या भागात, तिरकी, गाठीकडे चढत जाणारी व अपुरी असते; गळा आवळल्यास ती खालच्या भागात, आडवी व सबंध मानेभोवती असते. गळफासात तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ ही जिवंतपणी टांगले गेल्याची चांगली खूण समजतात. मृताचे पाय जमिनीला टेकलेले आढळले, की नातेवाइकांना खुनाचा संशय येतो. परंतु मानेवरील वाहिन्या बंद होण्यास शरीराच्या वजनाचा थोडा अंशही पुरतो, म्हणून बसलेल्या किंवा गुडघे टेकलेल्या स्थितीतही गळफासाने मृत्यू येतो. विवाहानंतर सात वर्षांच्या आत मृत्यू आलेल्या स्त्रियांबाबत १९८३ च्या दुरुस्तीने शवपरीक्षेची विशेष तरतूद केली व ती नव्या संहितेतही कायम आहे. अशा प्रकरणी मानेचे थर एकेक करून, रक्त निथळल्यानंतर तपासणे अगत्याचे असते. कारण घाईच्या विच्छेदनातही मानेत रक्त पसरते व ते माराचे समजले जाते.

जिवंतपणीच्या व मरणोत्तर जखमा : जिवंतपणी झालेल्या जखमेत रक्त ऊतकांत शिरून गोठते व धुतल्याने जात नाही. मृत्यूनंतर शरीराच्या खालच्या भागात साचून दिसणारे निळसर डाग वाहिन्यांतच राहिलेल्या रक्ताचे असतात. छेद दिल्यास ते रक्त वाहून जाते. मृत्यूच्या आधीच्या व नंतरच्या काही मिनिटांत झालेल्या जखमा मात्र पुष्कळदा वेगळ्या करता येत नाहीत व तसे स्पष्ट लिहावे. मुंग्यांनी कुरतडलेली त्वचा खरचटल्यासारखी दिसते. विहिरीतील व समुद्रातील प्रेतांचे ओठ, कान, पापण्या मासे व खेकडे खातात. हृदयमर्दनाने बरगड्या मोडतात. आपल्या हवामानात प्रेत लवकर कुजते आणि कुजण्याच्या हिरव्या-काळ्या डागांत मुका मार लोपून जातो.

जळालेल्या प्रेतात हा घोटाळा सर्वांत मोठा असतो. उष्णतेने स्नायू आखडून हातपाय मुष्टियोद्ध्याप्रमाणे वाकतात. बघणाऱ्यास मृताने झटापट केली असे वाटते. त्वचा तडकून कापल्यासारख्या भेगा पडतात, कवटी फुटते व तिच्या आत रक्ताचा गोळा जमतो. हे सर्व मृत्यूनंतरही घडते. याउलट, श्वासमार्गात खोलवर काजळी व रक्तात कार्बन मोनॉक्साइड आढळल्यास व्यक्ती आग लागली तेव्हा श्वास घेत होती असे म्हणता येते. ही दोन्ही नसली, तर जाळण्यापूर्वी मृत्यू झाला होता का, हे शोधण्यासाठी मान व कवटी अधिक बारकाईने पाहावी लागते. भडक्याच्या आगीत क्वचित जिवंत माणसातही ती आढळत नाहीत.

कायदा व वैद्यकीय मत : भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. जबर दुखापतीच्या व्याख्येतील तीव्र वेदनेची वीस दिवसांची मुदत नव्या संहितेत पंधरा दिवसांवर आली आहे. खुनाच्या व्याख्येतील ‘निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू घडवून आणण्यास पुरेशी’ ही कसोटी मात्र कायम आहे. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५८) या खटल्यात पोटावरील भाल्याच्या एकाच वाराबाबत सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ स्पष्ट केला : ती विशिष्ट जखम करण्याचा हेतू सिद्ध झाला, तर ती पुरेशी घातक होती की नाही, हे वस्तुनिष्ठपणे ठरवावयाचे असते. म्हणजे हेतू न्यायालयाने ठरवावयाचा व जखमेचा घातकपणा वैद्याने सांगावयाचा. ‘शस्त्र क्र. १ ने ही जखम झाली’ असे लिहिण्याऐवजी ‘अशा शस्त्राने होऊ शकते’ असे लिहिणे हा भित्रेपणा नसून शास्त्राची मर्यादा पाळणे होय. ज्या जखमा आढळल्या नाहीत त्यांचीही नोंद तितकीच आवश्यक असते. हात तपासून बचावाच्या जखमा नव्हत्या की हात तपासलेच नाहीत, हे दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात कोणीही सांगू शकत नाही.

सूर्यास्तानंतर शवपरीक्षा न करण्याचा जुना संकेत मुक्या माराचे रंग दिव्याच्या उजेडात फसवे दिसतात यामुळे रूढ झाला होता. केंद्र शासनाने २०२१ मध्ये पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांना रात्रीही ती करण्याची मुभा दिली. मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली प्रेते व घातपाताचा संशय असलेली प्रकरणे सर्वसाधारणपणे त्यातून वगळली. त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत संगणकीय क्ष-किरण छेदचित्रणाने शवपरीक्षा करण्याचे केंद्र सुरू झाले. अस्थिभंग, गोळीचे तुकडे व शरीरात अडकलेली हवा या पद्धतीने उत्तम दिसतात. पाठीच्या स्नायूंतील उथळ रक्तस्राव व भुवईवरील जखमेच्या तळाशी असलेले धागे पाहण्यासाठी मात्र अद्याप सुरी व भिंग हीच साधने वापरावी लागतात.